कपॅसिटर आणि ऑप-अँप वापरून घरच्या घरी गुरुत्वीय लहरी टिपता येतील का? मुलुंडमधील चाळीस दिवसांच्या नोंदी

प्रश्न
आजोळ हिंगोली:

सर्वांना नमस्कार. मी मुलुंड पूर्वेला राहतो. दूरसंचार क्षेत्रात बत्तीस वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. माझे आजोळ हिंगोली जिल्ह्यातले आहे, त्यामुळे औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही अमेरिकेतील लायगोसारखी गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार असल्याची बातमी वाचली त्या दिवसापासून गुरुत्वीय लहरी, म्हणजे कृष्णविवरांच्या टकरीसारख्या घटनांनी खुद्द अवकाशातच उठणाऱ्या लहरी, हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली, तेव्हा या कामाला आपलाही थोडा हात लागावा असे तीव्रतेने वाटले आणि मी मिळेल ते वाचू लागलो.

त्या वाचनात १९८६ मध्ये एका अमेरिकन इलेक्ट्रॉनिक्स मासिकात छापून आलेला एक लेख सापडला. साध्या कपॅसिटरमधील विद्युतभारावर गुरुत्वीय लहरींचा परिणाम होतो, आणि कमी वारंवारतेला जाणवणारा जो खरखरीचा आवाज आपण घटकांचा दोष म्हणून सोडून देतो तो प्रत्यक्षात विश्वातून येणाऱ्या लहरींचाच आवाज आहे, असे त्या लेखकाचे म्हणणे होते. हे म्हणणे मान्यताप्राप्त भौतिकशास्त्रात बसत नाही याची मला कल्पना आहे. तरीही मंडल इतके सोपे होते की करून न पाहणे मला जमले नाही.

मी ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर टीएल०७२ या ऑप-अँपच्या (क्षीण संकेत मोठा करणाऱ्या चिपच्या) उलट्या इनपुटला जोडला, परतीच्या मार्गावर १ मेगोहमचा रेझिस्टर ठेवला, आणि आउटपुट दर सेकंदाला एकदा वाचून मेमरी कार्डावर नोंदवले. सर्व काही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बंद केले असून वीजपुरवठा ९ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवरून घेतला आहे. आमची इमारत रेल्वेरुळांपासून साधारण दीडशे मीटरवर आहे.

चाळीस दिवसांच्या नोंदींत मला असे दिसते की सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते साडेनऊ या वेळांत आउटपुट मोठ्या प्रमाणावर हेलकावे खाते, आणि रात्री दीड ते पावणेचार या काळात जवळजवळ स्थिर राहते. याखेरीज अधूनमधून अचानक एक उसळी येते. ऑसिलोस्कोप लावून पाहिले तेव्हा ती एखाद्या घंटेच्या नादासारखी कंप पावत काही क्षणांत विरून जाताना दिसली. असाच दुसरा संच करून पहिल्याशेजारी ठेवला, तर बऱ्याच उसळ्या दोन्हींत एकाच सेकंदाला आल्या. हे शेवटचे निरीक्षण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण दोन स्वतंत्र संवेदकांत एकाच क्षणी दिसणारी गोष्ट केवळ घटकांचा आवाज असू शकत नाही.

या उसळ्या बाहेरून येत असतील तर त्या आकाशातून येतात की जमिनीवरून, हे घरच्या साधनांनी कसे ठरवता येईल? आणि कपॅसिटर हा संवेदक मुळातच चुकीचा असेल, तर माझ्यासारख्याने दुसरे काय हाती घ्यावे?


उत्तर
बदलापूर दुरुस्ती:

माझे लॅमिंग्टन रोडवर दुरुस्तीचे काम असते, त्यामुळे मी आकाशाबद्दल बोलणार नाही. आपल्या मंडलाबद्दल बोलतो. आपण घटकांच्या किमती आणि जोडणी स्पष्ट लिहिलीत म्हणून उत्तर देणे शक्य झाले.

आपले मंडल बाहेरच्या कोणत्याही लहरीआधी ऑप-अँपचा स्वतःचा आवाज मोठा करून दाखवते. कपॅसिटर ४७० मायक्रोफॅरड आणि रेझिस्टर १ मेगोहम, म्हणजे दोहोंचा गुणाकार ४७० सेकंद. या जोडणीत ऑप-अँपच्या इनपुटवरचा स्वतःचा आवाज १ हर्ट्झला जवळजवळ तीन हजार पटींनी वाढतो आणि वारंवारता वाढेल तसा आणखी वाढत जातो. टीएल०७२ चा इनपुट आवाज दर वर्गमूळ हर्ट्झला सुमारे १८ नॅनोव्होल्ट असतो, आणि कमी वारंवारतेला तो त्याहून बराच जास्त असतो. त्याला हजारोंनी गुणले की मिलिव्होल्टमध्ये दिसणारी खरखर तयार होते. त्या लेखाच्या वाचकांना आवाज ऐकू आला यात नवल नाही, कारण हे मंडल कुठेही ठेवले तरी आवाज करणारच.

याची निर्णायक चाचणी सोपी आहे. कपॅसिटर तोच ठेवा आणि फक्त ऑप-अँप काढून त्या जागी एनई५५३२ बसवा. पिना जुळतात, बाजारात सहज मिळतो, आणि त्याचा आवाज सुमारे ५ नॅनोव्होल्ट म्हणजे टीएल०७२ च्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे. त्याचा इनपुट प्रवाह जास्त असल्याने आउटपुटची शून्यरेषा थोडी सरकेल, तिकडे दुर्लक्ष करा. खरखर कपॅसिटरमधून येत असेल तर ऑप-अँप बदलल्याने ती कमी होणार नाही. ती कमी झाली, तर ती ऑप-अँपचीच होती.

आता त्या घंटेसारख्या नादाविषयी. या जोडणीत ऑप-अँप स्थिरतेच्या अगदी काठावर उभा असतो. टीएल०७२ च्या क्षमतेचा हिशोब केला तर त्याची स्वतःची कंपने ३० हर्ट्झच्या आसपास येतात. शेजारी कोणी मिक्सर सुरू केला, फ्रिजचा कंप्रेसर चालू झाला, वीजपुरवठ्यात क्षणभर खळबळ झाली, की मंडलाला धक्का बसतो आणि ते टणकन वाजून हळूहळू शांत होते. दोन्ही संच एकाच अ‍ॅडॉप्टरवर किंवा एकाच बोर्डावर असतील, तर धक्का दोघांना एकाच सेकंदाला बसणार. १ मेगोहमच्या रेझिस्टरला समांतर ४.७ नॅनोफॅरडचा फिल्म कपॅसिटर लावा. नाद बंद होईल. आकाशातून येणारी गोष्ट एवढ्याशा कपॅसिटरने थांबली नसती.

त्याबरोबर दोन्ही संच वेगवेगळ्या बॅटरींवर चालवा, डबा थर्माकोलच्या पेटीत ठेवा आणि आत तापमानाचा संवेदक बसवून त्याचीही नोंद ठेवा. मंडलात कुठे चकतीच्या आकाराचे किंवा सपाट सिरॅमिक कपॅसिटर असतील तर तेही तपासा. त्यांतले अनेक बेरियम टायटॅनेटचे असतात आणि दाबाने वीज निर्माण करतात, म्हणून टेबलावर बोटाने टिचकी मारली तरी ती आउटपुटवर दिसते. रुळांपासून दीडशे मीटरवर हे विसरून चालणार नाही.


उत्तर
चेंबूरचा फळा:

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. वरील उत्तरातील चाचण्या आधी कराव्यात, असेच माझेही मत आहे. मी मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे येतो, म्हणजे खरी लहर आली असती तर ती कशी दिसली असती.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोच्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील दोन्ही वेधशाळांनी पहिली गुरुत्वीय लहर नोंदवली. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती आणि सुमारे तीन सूर्यांइतके वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने लहरींत गेले होते. एवढी प्रचंड घटना घडूनही, पृथ्वीवर पोहोचेपर्यंत लांबीतील सापेक्ष बदल उरला तो एक भागिले एकावर एकवीस शून्ये एवढा. लायगोत लेझरने जिची लांबी मोजतात त्या चार किलोमीटरच्या भुजेत हा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका होतो. आपल्या कपॅसिटरवर १ व्होल्ट विद्युतदाब आहे असे धरले आणि लहरीने तो त्याच प्रमाणात बदलला असे उदारपणे मानले, तरी तो बदल वर सांगितलेल्या १८ नॅनोव्होल्टच्या आवाजापेक्षा एकावर तेरा शून्यांनी लहान आहे. तो सरासरी काढून किंवा उत्तम घटक वापरून भरून निघणारा फरक नाही.

वेळेचाही प्रश्न आहे. ती लहर ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली आणि सुमारे ०.२ सेकंदांत संपली. आपण सेकंदाला एकदा वाचन घेता, त्यामुळे उपकरण कितीही संवेदनशील असते तरी ती दोन वाचनांच्या मधून निसटली असती. याहून संथ लहरी विश्वात आहेत, पण त्यांच्यासाठी जमीन ही जागाच योग्य नाही, कारण जमिनीची थरथर आणि आसपास हलणाऱ्या वस्तुमानांचे गुरुत्वाकर्षण दोन्ही आड येतात. पाच लाख किलोची लोकल आपल्यापासून दीडशे मीटरवरून जाताना तिच्या गुरुत्वाकर्षणाने सुमारे दीड नॅनोमीटर प्रति सेकंद वर्ग एवढे त्वरण निर्माण होते, आणि ते रोखणारे कोणतेही आवरण अस्तित्वात नाही. म्हणूनच संथ लहरींसाठी लिसा ही योजना अवकाशात, २५ लाख किलोमीटरच्या भुजांनी आखली गेली आहे.

आपण जे करत आहात ते एका फार मोठ्या शास्त्रज्ञाने आपल्याआधी केले होते, ही गोष्ट मला येथे मुद्दाम सांगावीशी वाटते. जोसेफ वेबर यांनी मेरीलँड विद्यापीठात अ‍ॅल्युमिनियमचे जड दंडगोल तारेने टांगले, त्यांच्या मध्यभागी दाबाने वीज देणारे स्फटिक चिकटवले आणि ते १,६६० हर्ट्झच्या लहरींनी कंप पावतात का हे पाहू लागले. दुसरा दंडगोल त्यांनी सुमारे हजार किलोमीटरवर शिकागोजवळ ठेवला. १९६९ मध्ये त्यांनी जाहीर केले की दोन्ही ठिकाणी एकाच वेळी कंपने आढळली आहेत. जगभर अनेकांनी तशी उपकरणे उभारली, पण कोणालाही ती कंपने मिळाली नाहीत.

या वादातील दोन प्रसंग आपल्याला थेट उपयोगाचे आहेत. पुढे वेबर यांनी आपल्या नोंदी रॉचेस्टरमधील एका गटाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या आणि एकाच वेळी आलेल्या घटना सापडल्याचे सांगितले. नंतर उघड झाले की दोन्हीकडच्या घड्याळांत चार तासांचा फरक होता, कारण एकाने ग्रिनिच वेळ वापरली होती आणि दुसऱ्याने स्थानिक. म्हणजे जुळलेल्या घटना प्रत्यक्षात चार तासांच्या अंतराने घडल्या होत्या. माणूस जुळणी शोधायला बसला की त्याला जुळणी सापडते. म्हणून आपण आपल्या एका संचाच्या नोंदी मुद्दाम काही मिनिटांनी पुढे सरकवा आणि पुन्हा जुळण्या मोजा. अशी सरकवणूक वेगवेगळ्या अंतरांनी शंभर वेळा केली की निव्वळ योगायोगाने किती जुळण्या होतात हे कळते. लायगोतही योगायोगाचे प्रमाण याच पद्धतीने काढतात.

दुसरा प्रसंग आकाशाच्या घड्याळाचा. वेबर यांना आरंभी घटना आकाशगंगेचे केंद्र डोक्यावर असताना, चोवीस तासांतून एकदा, जास्त आढळल्या. पण गुरुत्वीय लहरींना पृथ्वी पारदर्शक असते. केंद्र पायाखाली असतानाही लहरी तितक्याच जोमाने यायला हव्यात, म्हणजे चक्र बारा तासांचे हवे. शिवाय ताऱ्यांचा दिवस २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांचा असतो. आकाशातील एखाद्या दिशेने येणारी गोष्ट आपल्या भिंतीवरच्या घड्याळात रोज सुमारे चार मिनिटे आधी, म्हणजे महिन्याला दोन तास आधी आली पाहिजे. आपल्याकडे चाळीस दिवस आहेत. सकाळचे हेलकावे पहिल्या दिवशी आठला सुरू होत असतील आणि चाळिसाव्या दिवशीही आठलाच सुरू होत असतील, तर ते ताऱ्यांचे वेळापत्रक पाळत नाहीत. ते माणसांचे वेळापत्रक पाळतात. रात्री दीड ते पावणेचार ही शांतता मुंबईत राहणाऱ्या कोणालाही ओळखू यावी, कारण त्याच वेळी लोकल बंद असतात.


आजोळ हिंगोली:

आपण दोघांनी दिलेल्या वेळेबद्दल मनःपूर्वक आभार. बारा दिवस चाचण्या केल्या आणि त्यांचे निष्कर्ष जसे आले तसे लिहितो.

जुन्या नोंदी दिवसवार एकाखाली एक मांडल्या. सकाळचे हेलकावे पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात त्याच वेळी सुरू होतात. अडीच तासांहून अधिक सरकायला हवे होते, तसे काहीही दिसत नाही. रविवारी मात्र ते उशिरा सुरू होतात, हे मी आजवर पाहिलेच नव्हते. बॅटरीवर गेल्यावर हेलकाव्यांचा मोठा भाग नाहीसा झाला, आणि जो संथ चढउतार उरला तो पेटीतील तापमानाच्या मागोमाग चालतो. एनई५५३२ बसवल्यावर खरखर स्पष्टपणे कमी झाली. ४.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावल्यापासून घंटेसारखा नाद एकदाही दिसलेला नाही. दोन्ही संच एकाच अ‍ॅडॉप्टरवर होते, हे मी प्रश्नात लिहायला हवे होते.

चाळीस दिवस मी ज्याला आकाशातून आलेले काही समजत होतो ते स्वयंपाकघरातून येत होते, हे स्वीकारताना मला वाईट वाटले, आणि ते लपवावे असे मला वाटत नाही. पण रविवारचा फरक डोळ्यांनी दिसला तेव्हा झालेला आनंदही तितकाच खरा होता. आता माझा दुसरा प्रश्न उरतो. पुढे काय करावे?


उत्तर
ठाणे खाडी:

वरील चर्चेतील तांत्रिक मुद्दे मला पटतात, परंतु एक आक्षेप नोंदवतो. अपारंपरिक संवेदक म्हटले की तो चुकीचाच, असा नवीन वाचकाचा ग्रह होईल. लेझर आणि चार किलोमीटरच्या नळ्या हा एकच मार्ग आहे का?


उत्तर
चेंबूरचा फळा:

आक्षेप योग्य आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अतिथंड क्वार्ट्झच्या लहानशा चकतीतील ध्वनिकंपनांवरून मेगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरी शोधण्याचा प्रयोग केला आणि २०२१ मध्ये दोन दुर्मिळ घटना प्रसिद्ध केल्या. त्या लहरी होत्या असा दावा त्यांनी केला नाही. किरणोत्सर्ग, स्फटिकातील ताण, वैश्विक किरण अशा इतर शक्यता त्यांनी स्वतःच मांडल्या. त्याहून मोठे उदाहरण तर आपल्या नारायणगावजवळ खोडदला आहे. तेथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने स्पंदक ताऱ्यांचे, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांचे, ठोके वर्षानुवर्षे मोजून, जगातील इतर गटांबरोबर, जून २०२३ मध्ये अतिसंथ गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचे पुरावे जाहीर केले. यात संवेदक म्हणजे हजारो प्रकाशवर्षे दूर असलेले तारे आहेत. संवेदक कितीही वेगळा असला तरी हरकत नाही. लहर आली तर त्यात किती बदल होईल याचा आकडा आधी मांडता आला पाहिजे, आणि १९८६ च्या त्या लेखातील कपॅसिटरबाबत नेमके तेच झालेले नाही.


उत्तर
कुलाबा दांडी:

पुढे काय करावे या प्रश्नाचे माझ्याकडे एक उत्तर आहे, आणि ते मुंबईशी जोडलेले आहे.

कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकात पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात असत. सप्टेंबर १८५९ मधील महाभयंकर सौरवादळाची जी मोजकी मोजमापे आज जगाकडे आहेत त्यांत कुलाब्याची नोंद मोलाची मानली जाते. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार हे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील हे जाणकारांनी आधीच ओळखले आणि १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेली. त्यांनी कुलाबा लगेच बंद केले नाही. सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता यावी. शहराचा गोंगाट मोजमापाला मारक ठरतो ही गोष्ट या शहराला सव्वाशे वर्षांपासून ठाऊक आहे, असे मला या निमित्ताने नेहमी वाटते.

आता सूचना. मराठीत आपण गुरुत्वीय लहरी आणि गुरुत्व तरंग हे शब्द बऱ्याचदा एकमेकांच्या जागी वापरतो, पण ते दोन अगदी वेगळे विषय आहेत. गुरुत्व तरंग वातावरणात किंवा समुद्रात उठतात. हवेचा एखादा थर वर ढकलला गेला की त्याचे वजन त्याला खाली खेचते, तो तोल ओलांडून आणखी खाली जातो, पुन्हा वर येतो, आणि हे हेलकावे दूरवर पसरत जातात. मोठे गडगडाटी ढग आणि सह्याद्रीसारखा कडा ओलांडणारा वारा ही त्यांची नेहमीची उगमस्थाने. हे तरंग वायुदाबात दिसतात आणि बीएमपी२८० या लहानशा, स्वस्त संवेदकाने एखाद्या पास्कलपर्यंतचा बदल कळतो. आपल्याकडे नोंद घेणारी सर्व यंत्रणा तयारच आहे. कपॅसिटरच्या जागी हा संवेदक बसवायचा आहे.

हौशी माणसांना अशा संवेदकांतून केवढे काही दिसू शकते याचा पुरावा १५ जानेवारी २०२२ रोजी मिळाला. टोंगाजवळच्या हुंगा ज्वालामुखीच्या स्फोटाची दाबलहर सगळ्या पृथ्वीला वळसा घालून गेली आणि घराघरांतल्या वायुदाबमापकांत उमटली. टोंगापासून मुंबई सुमारे १२,९०० किलोमीटर आणि लहरीचा वेग सेकंदाला सुमारे ३१५ मीटर, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या स्फोटाची लहर हिशोबाने आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास आली. ती नेमक्या अर्थाने गुरुत्व तरंग नव्हती, ध्वनीच्या जातीची होती, पण उपकरण तेच.

आणि मूळ गुरुत्वीय लहरींची ओढ सोडू नये. लायगोची खरी मोजमापे सर्वांसाठी खुली आहेत. १४ सप्टेंबर २०१५ च्या घटनेचा ३२ सेकंदांचा तुकडा उतरवून घ्या, ३५ ते ३५० हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवा, त्यातील उपकरणाच्या स्वतःच्या ठरावीक वारंवारता गाळा, हॅनफर्डची मालिका ६.९ मिलिसेकंदांनी सरकवून उलटी करा आणि लिव्हिंग्स्टनवर ठेवा. दोन्ही रेषा एकमेकींवर बसताना साध्या लॅपटॉपवर दिसतात. २०१६ पासून ग्रॅव्हिटी स्पाय या नागरिक-विज्ञान प्रकल्पात लायगोतील गोंगाटाचे नमुने ओळखण्याचे काम सामान्य माणसे करत आहेत. हॅनफर्डला एका नळीवर जमलेल्या बर्फावर डोमकावळे चोच मारत होते आणि त्याचे ठोके उपकरणात उमटत होते, हे असाच पाठपुरावा करून सापडले. ज्यांनी रविवारचे हेलकावे उशिरा सुरू होतात हे नोंदींतून काढले, त्यांचे डोळे या कामाला तयार आहेत.


आजोळ हिंगोली:

लायगोच्या दोन रेषा काल रात्री एकमेकींवर बसवल्या. मुलीच्या लॅपटॉपवर साडेअकराला ते चित्र उमटले आणि घरातले सगळे पाहायला आले. याहून अधिक आत्ता लिहिता येत नाही.

वायुदाबाचे काम हाती घेत आहे. अलिबागला माझ्या मेव्हण्यांचे घर आहे आणि ते एक संच ठेवून घ्यायला तयार आहेत. मुलुंड आणि अलिबाग यांतले अंतर साठ किलोमीटरच्या आसपास आहे. दोन्हीकडच्या घड्याळांसाठी जीपीएस घ्यावे लागेल का? वेबर यांचे चार तास वाचल्यापासून मला घड्याळाची सर्वांत जास्त काळजी वाटते.


उत्तर
बदलापूर दुरुस्ती:

या कामाला जीपीएसची गरज नाही. वातावरणातील हे तरंग साधारणपणे सेकंदाला वीस-तीस मीटर वेगाने जातात, म्हणजे साठ किलोमीटर पार करायला त्यांना अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागेल. वाय-फायवरून इंटरनेटची वेळ घेतलीत तर एका सेकंदाच्या आतली अचूकता सहज मिळते. दोन्हीकडे वेळ भारतीय प्रमाणवेळेतच नोंदवा आणि ती कोणती हे प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा. संवेदक खिडकीच्या झोतात किंवा दाराजवळ ठेवू नका, कारण दार लावले तरी दाब हलतो.

तरंग शोधण्याआधी आठवडाभर नुसती नोंद घ्या. आपल्या अक्षांशावर वायुदाब रोज सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो आणि पहाटे व दुपारी चारच्या सुमारास उतरतो. हा चढउतार दोन्ही संचांत सारखा दिसला तरच उपकरणावर विश्वास ठेवा.

आणि दोन ठिकाणांवरून तरंगाची दिशा कळणार नाही, तिसरे ठिकाण लागेल. बदलापूर या दोन्हींच्या रेषेपासून बरेच पूर्वेला आहे. बीएमपी२८० माझ्या खणात पडलेला आहे. आपली नोंदणीची प्रणाली मला पाठवा, मी येत्या रविवारी तो गच्चीखालच्या माळ्यावर बसवतो.